अटॅचमेंट उघडत नाही : पैसे कुठे खर्च करावेत, कुठे नाही

मेलनं आलेली फाइल उघडली आणि पडद्यावर भलतंच काही दिसलं, की बहुतेक लोक दोनपैकी एक वाट धरतात. संगणक दुरुस्तीच्या दुकानात जातात, नाहीतर इंटरनेटवर ‘फाइल दुरुस्ती’ असं शोधून वर दिसणाऱ्या पहिल्या जाहिरातीवर क्लिक करतात. दोन्हीकडे पैसे जातात, आणि बऱ्याचदा विनाकारण जातात. अशी फाइल खरोखर खराब झालेली क्वचितच असते. पाठवणाऱ्याच्या संगणकात असलेली एखादी गोष्ट तुमच्या संगणकात नसते, एवढाच मामला असतो. नेमकं काय नाही हे ओळखता आलं, तर खर्च शून्यावर येतो किंवा शंभर-दीडशे रुपयांत भागतं. मोठा खर्च एकाच बाबतीत उभा राहतो, तो म्हणजे जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर. त्यामुळे त्यावर इथे जास्त लिहिलं आहे.

काहीही करण्याआधी एक पथ्य पाळा. फाइल वेडीवाकडी दिसत असताना ती सेव्ह करू नका. बंद करताना ‘बदल सेव्ह करायचे का’ असं संगणकानं विचारलं तर नको म्हणा. आणि मूळ मेल डिलीट करू नका. मेलमधली फाइल जशी आली तशी शाबूत असेल, तर तिच्यावर हवे तेवढे प्रयोग करता येतात. वेडीवाकडी दिसणारी फाइल तशीच सेव्ह करून मेल पुसून टाकला, तर जे फुकटात सुटलं असतं ते कोणालाच सुटत नाही.

पडद्यावर नेमकं काय दिसतंय?

मराठी मजकूर चार तऱ्हांनी बिघडलेला दिसतो, आणि प्रत्येक तऱ्हेचं कारण वेगळं असतं.

अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसत असतील तर मजकूर पूर्ण सुरक्षित आहे. कुठलं अक्षर आहे हे संगणकाला कळलेलं असतं, पण ते दाखवायला त्याच्याकडे देवनागरी फॉन्ट नसतो. गूगलचा नोटो सॅन्स देवनागरी किंवा मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा मुक्ता यांपैकी एक उतरवून घ्या. दोन्ही मोफत आहेत, घरी वापरा की ऑफिसात. विंडोज ८ पासून पुढच्या सगळ्या संगणकांत निर्मला यूआय हा फॉन्ट असतोच, आणि मॅकमध्ये कोहिनूर देवनागरी. त्यामुळे कित्येकदा मजकूर सिलेक्ट करून फॉन्टच्या यादीतून यांपैकी एक निवडला की काम होतं. बाकी सगळं नीट दिसतंय आणि फक्त ‘ॲ’च्या जागी चौकोन आहे, असंही होतं. हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीच्या सामाईक संगणकी पद्धतीत, २००८ साली आलं. त्याआधीचा फॉन्ट असेल तर त्यात ते नसणारच. फॉन्ट बदलला की दिसतं. खर्च शून्य.

दुसरी तऱ्हा म्हणजे मराठीच्या जागी निरर्थक रोमन अक्षरं. इथे जुना फॉन्ट आहे असं समजा. कृतिदेव फॉन्टमध्ये ‘मराठी’ हा शब्द टाइप केला आणि समोरच्याकडे कृतिदेव नसला, तर त्याला ई, जे, के, बी, एच ही पाच रोमन अक्षरं ओळीनं दिसतात. याचं सविस्तर पुढे येईल.

तिसऱ्या तऱ्हेत चिन्हांची लांबच लांब रांग लागते. डोक्यावर तिरकी रेघ असलेलं छोटं रोमन ‘ए’, त्यापुढे चारी कोपऱ्यांना काड्या फुटलेलं लहानसं वर्तुळ, मग आणखी एखादं चिन्ह, आणि पुन्हा तेच. मजकूर मूळच्या तिप्पट लांब झालेला असतो. हे दिसलं तर घाबरू नका, कारण हा सगळ्यात सोपा प्रकार आहे. आज सगळीकडे चालणाऱ्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीतलं प्रत्येक अक्षर, मात्रा आणि वेलांटी तीन-तीन बाइटांत साठवलेली असते. समोरच्या प्रोग्रॅमला हे कळलं नाही, की तो त्या प्रत्येक बाइटाला स्वतंत्र युरोपीय अक्षर समजून छापतो. मजकूर तसाच आहे, वाचायची पद्धत तेवढी चुकली आहे. ती बदलायची सोय प्रोग्रॅममध्येच असते.

चौथी तऱ्हा प्रश्नचिन्हांची. प्रत्येक अक्षराच्या जागी साधं प्रश्नचिन्ह असेल, तर मात्र मजकूर गेलेला आहे. पाठवणाऱ्यानं फाइल जुन्या पद्धतीनं सेव्ह केली, त्या पद्धतीत देवनागरीला जागाच नव्हती, म्हणून संगणकानं अक्षरं टाकून दिली आणि त्यांच्या जागी प्रश्नचिन्हं ठेवली. ही फाइल जगातला कुठलाही तंत्रज्ञ परत आणू शकत नाही. कोणी पैसे घेऊन आणून देतो म्हणाला तर देऊ नका. पाठवणाऱ्याकडून पुन्हा मागवा आणि त्याला यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करायला सांगा. विंडोजच्या नोटपॅडमध्ये सेव्ह करतानाच खाली ‘एन्कोडिंग’ची यादी असते. २०१९ पासूनच्या विंडोज १० मध्ये यूटीएफ-८ आपोआप निवडलेलं असतं, त्याआधीच्या संगणकांवर ते हातानं निवडावं लागतं.

एक्सेलच्या याद्या

सोसायटीच्या सभासदांची यादी, पगारपत्रक, मंडळाची वर्गणी हे सगळं हल्ली सीएसव्ही फाइलमध्ये येतं. तिच्यावर डबल क्लिक करून एक्सेल उघडलं, की मराठी नावांच्या जागी वर सांगितलेली तिसऱ्या तऱ्हेची चिन्हं दिसतात. डबल क्लिक करू नका. कोरी एक्सेल शीट उघडा, ‘डेटा’ या पट्टीवर ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ निवडा, फाइल दाखवा, आणि ‘फाइल ओरिजिन’च्या यादीतून ६५००१ हा क्रमांक असलेलं यूटीएफ-८ निवडा. त्याच खिडकीत नावं मराठीत वाचता येऊ लागतात. तुमच्याकडे लिबरऑफिस असेल तर ते अशी फाइल उघडतानाच विचारतं, तिथे युनिकोड यूटीएफ-८ निवडलं की झालं. पाठवणारे तुम्ही असाल तर सेव्ह करताना साध्या सीएसव्हीऐवजी ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हा पर्याय घ्या.

नावं नीट दिसली म्हणजे यादी नीट आली असं समजू नका, आणि हे मी आवर्जून सांगतो, कारण यातून खरं नुकसान होतं. एक्सेल पंधरा आकड्यांपर्यंतचीच संख्या नेमकी ठेवतं. सोळा आकडी बँक खाते क्रमांक संख्या म्हणून आत आला, तर त्याचा शेवटचा आकडा शून्य होतो, आणि तसाच सेव्ह झाला तर मूळ आकडा कायमचा जातो. खाते क्रमांकाच्या सुरुवातीची शून्यं गळून पडतात. बारा आकडी आधार क्रमांक १.२३ आणि पुढे ई अशा रूपात दिसतो, तो मात्र गेलेला नसतो, रकाना रुंद करून संख्येचं रूप बदललं की परत दिसतो. तारखांचं तर विचारूच नका. पुण्याहून गेलेली ०५/०६ ही तारीख अमेरिकेतल्या संगणकावर ५ जूनऐवजी ६ मे वाचली जाते. परदेशातल्या मुलाला घराच्या हप्त्यांची यादी पाठवताना महिना अक्षरांत लिहा. खाते क्रमांकाचा रकाना आधी ‘टेक्स्ट’ करून घ्या. याला एक रुपयाही लागत नाही, आणि चुकलं तर पैसे भलत्याच खात्यात जातात.

जुना मराठी फॉन्ट : इथे पैसे लागू शकतात

युनिकोड मराठीत रुळण्याच्या आधी आपल्याकडे छपाईचं बहुतेक काम श्रीलिपी, आकृती, सी-डॅकच्या आयएसएम आणि डीव्हीबी-सुरेखसारख्या फॉन्टांत झालं. शिवाजी आणि कृतिदेवही घराघरांत होते. यांतल्या बहुतेक फॉन्टांनी रोमन अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवले होते, आणि प्रत्येक कंपनीनं ते आपापल्या मनानं बसवले होते. म्हणून श्रीलिपीतला मजकूर कृतिदेव लावून वाचता येत नाही. पुस्तकांच्या, दिवाळी अंकांच्या, खरेदीखतांच्या आणि संस्थांच्या जुन्या अहवालांच्या किती तरी फाइली आजही या रूपात पडून आहेत.

फॉन्ट कोणता हे आधी शोधा. वर्डमध्ये मजकुरावर कर्सर ठेवला की होम पट्टीवर फॉन्टचं नाव दिसतं, तो फॉन्ट तुमच्या संगणकात नसला तरीही. ते नाव लिहून घ्या. यापुढे तीन रस्ते आहेत.

पहिला रस्ता म्हणजे पाठवणाऱ्याला पीडीएफ मागणं. त्याच्याकडे फॉन्ट आहे, म्हणून त्याच्या पीडीएफमध्ये अक्षरं बरोबर उमटतील. नुसतं वाचायचं किंवा छापायचं असेल तर इथेच थांबा. खर्च नाही. मात्र अशा पीडीएफमधून मजकूर कॉपी केला तर पुन्हा तीच रोमन अक्षरं चिकटतात.

मजकुरात बदल करायचे असतील तर दुसरा रस्ता, म्हणजे युनिकोडमध्ये रूपांतर. श्रीलिपी रीतसर विकत घेतलेल्या छपाईवाल्याकडे रूपांतराची सोय बहुधा असते, तेव्हा आधी त्यालाच विचारा. कृतिदेव, शिवाजी, सुरेख यांच्यासाठी मोफत रूपांतर करून देणारे प्रोग्रॅम आणि साइट मिळतात. गोष्टीचा किंवा निबंधाचा मजकूर तिथे टाकायला हरकत नाही. खरेदीखत, मृत्युपत्र, वैद्यकीय अहवाल असलं काही अनोळखी साइटवर चढवू नका. नीट दिसणारी पीडीएफ हातात असेल तर आणखी एक युक्तीही चालते. गूगल ड्राइव्हवर ती चढवा आणि ‘गूगल डॉक्स’मध्ये उघडा. गूगल पानाचं चित्र पाहून अक्षरं ओळखतं, मराठीसुद्धा. फाइल दोन एमबीच्या आत ठेवा, मोठी असेल तर तुकडे करा. आणि मजकूर चार-पाच पानांचाच असेल तर सरळ फोन हातात घ्या, मराठी व्हॉइस टायपिंग चालू करा आणि मोठ्यानं वाचा. पुष्कळदा दुकानात जाऊन येण्यापेक्षा हे लवकर होतं.

पन्नास, शंभर, दोनशे पानं असतील तर मात्र तिसरा रस्ता धरावा, म्हणजे डीटीपी करणाऱ्याला काम द्यावं, असं माझं मत आहे. त्याचे पैसे रूपांतराचे नसतात, ते काही मिनिटांत होतं. पैसे तपासणीचे असतात. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार अक्षरानंतर. युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम उलटा आहे. रूपांतर करणारा प्रोग्रॅम हा क्रम फिरवताना अडखळतो, आणि तो नेमका मराठीच्या खास जागी अडखळतो. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांत फरक आहे, ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतही. हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेला प्रोग्रॅम दोन्हीकडे रफारच देतो. शंभर पानांत अशी चूक यंत्राला सापडत नाही, ती मराठी वाचणाऱ्या माणसालाच सापडते.

म्हणून दर ठरवताना ‘रूपांतराचे किती’ असं विचारू नका. रूपांतर आणि मुद्रितशोधन मिळून पानाला किती, पान म्हणजे किती शब्द, आणि चुका निघाल्या तर दुसरी तपासणी त्याच पैशांत आहे का, हे विचारा. संपूर्ण काम देण्याआधी एका पानाचा नमुना मागा, आणि ते पान तुम्ही निवडा. त्यात ‘कुऱ्हाड’, ‘निर्मिती’, ‘शर्विलक’, ‘ऑगस्ट’, ‘ॲड.’, ज्ञ आणि क्ष असलेले शब्द आणि काही आकडे असू द्या. हे पान निर्दोष आलं तर माणूस कामाचा आहे. दोन-तीन ठिकाणी चौकशी केल्याशिवाय होकार देऊ नका. काम झाल्यावर पीडीएफबरोबर युनिकोडमधली वर्ड फाइलही मागा, कारण काही जण फक्त पीडीएफ देतात आणि पुढच्या दुरुस्तीसाठी तुम्हाला पुन्हा त्यांच्याकडेच जावं लागतं.

युनिकोडमध्ये आल्यावर एक बारीक गोष्ट दिसेल. काही संगणकांवर ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दिसतात. हा बिघाड नाही. नोटोसारख्या काही फॉन्टांत दोन्ही वळणं असतात, आणि मजकुराची भाषा मराठी निवडली की आपला ल आणि श येतो.

फाइल उघडतच नाही

इथे मजकूर दिसण्याचाही प्रश्न नसतो, फाइलवर क्लिक केलं की संगणक ‘कशात उघडू’ असं विचारतो. विंडोजमध्ये आधी ‘व्ह्यू’मध्ये जाऊन ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ चालू करा, म्हणजे नावाच्या शेवटचं टिंब आणि त्यापुढची अक्षरं दिसतील.

विनमेल.डॅट नावाची फाइल आली असेल तर पाठवणाऱ्याच्या आउटलुकनं पत्र आणि जोडलेल्या फाइली आपल्याच एका गाठोड्यात बांधून पाठवल्या आहेत. ते गाठोडं दुसऱ्या मेल प्रोग्रॅमांना सोडता येत नाही. पाठवणाऱ्याला आउटलुकमध्ये ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘मेल’ इथे जाऊन पत्राचं रूप ‘रिच टेक्स्ट’ऐवजी ‘एचटीएमएल’ करायला सांगा आणि पुन्हा पाठवायला सांगा. तो ऐकत नसेल तर थंडरबर्डसाठी लुकआउट हे मोफत जोडसाधन आहे.

मॅकवरून आलेली पेजेस किंवा नंबर्सची फाइल विंडोजवर उघडत नाही. पाठवणाऱ्यानं ‘एक्सपोर्ट’ करून वर्ड किंवा पीडीएफ पाठवावी. तो सापडत नसेल तर ॲपलचं मोफत खातं उघडून आयक्लाउडच्या साइटवर ती ब्राउझरमध्येच पाहता येते. मॅकवर बनलेली झिप विंडोजवर सोडली, की बऱ्याचदा एका वेगळ्या फोल्डरमध्ये टिंब आणि अधोरेषेनं सुरू होणारी, अगदी छोटी दुसरी फाइल दिसते. लोक नेमकी तीच उघडायला जातात आणि फाइल खराब आहे म्हणतात. खरी फाइल त्या फोल्डरच्या बाहेर असते.

आयफोननं २०१७ पासून फोटो एचईआयसी रूपात साठवायला सुरुवात केली. विंडोजच्या स्टोअरमध्ये ‘हेइफ इमेज एक्स्टेन्शन्स’ मोफत आहे, आधी ते घालून पाहा. त्यानंतरही फोटो उघडला नाही तर ‘एचईव्हीसी व्हिडिओ एक्स्टेन्शन्स’ लागतं, त्याची किंमत शंभर रुपयांच्या आत असते. पाठवणाऱ्याला आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये ‘मोस्ट कंपॅटिबल’ निवडायला सांगितलं, तर पुढचे फोटो जेपीजीमध्येच येतील आणि तेवढेही पैसे वाचतील.

झिपसारख्या आर्काइव्ह फाइलींसाठी सेव्हन-झिप पुरेसं आहे, मोफत आहे. एसमाइम.पी७एस ही फाइल म्हणजे पाठवणाऱ्याची डिजिटल सही, ती उघडायची नसतेच.

नावच नसलेली किंवा शेवटची अक्षरं गळालेली फाइल आली तर ती नोटपॅडमध्ये उघडून अगदी पहिली अक्षरं पाहा. टक्क्याचं चिन्ह आणि पीडीएफ असेल तर ती पीडीएफ. ‘पीके’ ही दोन अक्षरं असतील तर झिप, किंवा २००७ पासूनची वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट, कारण या फाइलीही आतून झिपच असतात. ती दोन अक्षरं झिपचे जनक फिल कॅट्झ यांच्या नावाची आहेत. सेव्ह न करता नोटपॅड बंद करा आणि फाइलीचं नाव बदलून शेवट जोडा. दुकानदार याच कामाचे पैसे घेतात.

पाठवताना

ईमेल मुळात साध्या रोमन मजकुरासाठी बनलं. फोटो आणि फाइली जोडायची आजची पद्धत नेथॅनियल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी १९९२ मध्ये आणली. तिच्यात फाइलीच्या दर तीन बाइटांची चार रोमन अक्षरं करून ती पत्रात ओततात. म्हणून मेलमध्ये फाइल सुमारे एक तृतीयांश फुगते. एखाद्या कचेरीच्या मेलला १० एमबीची मर्यादा असली तर ७ एमबीच्या वरची फाइल परत येण्याची शक्यता असते. जीमेलमध्ये २५ एमबीपर्यंत जोडता येतं, त्यापुढे ते आपणहून ड्राइव्हची लिंक करतं. लिंक पाठवली तर ती उघडायची परवानगी समोरच्याला दिली आहे ना, हे बघा. ‘फाइल उघडत नाही’ या तक्रारीमागे कित्येकदा तेवढंच असतं. गूगलकडे १५ जीबी जागा मोफत आहे. भरली तर जुने व्हिडिओ पुसा. तरीही लागलीच तर १०० जीबीची साधी योजना महिन्याला दीडशे रुपयांच्या आत मिळते.

फाइलीचं नाव रोमन लिपीत, छोटं आणि मोकळ्या जागा न सोडता ठेवा. मजकूर मराठी असावा, नाव नको. जुन्या झिप आणि मेल प्रोग्रॅमांत देवनागरी नावांचे तुकडे होतात.

पत्रिका, नोटीस, अर्ज, बायोडेटा असं ज्यात समोरच्यानं काही बदलायचं नाही ते पीडीएफमध्येच पाठवा. वर्डमध्ये पीडीएफ करताना ‘ऑप्शन्स’मध्ये पीडीएफ/ए हा पर्याय असतो, तो निवडला की फॉन्ट फाइलीच्या पोटातच जातात आणि टोरंटोत किंवा ताडदेवला, अक्षर तेच दिसतं. खात्री करायची तर अडोबी रीडरमध्ये ‘फाइल’, ‘प्रॉपर्टीज’, ‘फॉन्ट्स’ पाहा. प्रत्येक फॉन्टपुढे ‘एम्बेडेड’ लिहिलेलं असायला हवं. वर्ड फाइलच पाठवायची असेल तर ‘ऑप्शन्स’मधल्या ‘सेव्ह’खाली फॉन्ट जोडायची खूण करा.

सरकारी आणि बँकेच्या पीडीएफ

या पीडीएफ बिघडलेल्या वाटतात, पण बहुतेकदा पासवर्ड मागत असतात. ई-आधारचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार अक्षरं मोठ्या रोमन लिपीत आणि पुढे जन्मवर्ष. बँकेच्या खातेउताऱ्याचा पासवर्ड कसा बनतो ते मेलमध्येच लिहिलेलं असतं. यासाठी पासवर्ड तोडून देणाऱ्या साइटवर आधार चढवणं धोक्याचं आहे.

महाभूमीच्या साइटवरून १५ रुपये भरून काढलेल्या डिजिटल सहीच्या सातबाऱ्यावर कधी सहीच्या जागी प्रश्नचिन्ह दिसतं. उतारा खोटा नसतो. तुमच्या रीडरनं ती सही अजून तपासलेली नसते. सहीवर राइट क्लिक करून ती तपासायला लावा आणि प्रमाणपत्रावर विश्वास नोंदवा. हा उतारा छापून, स्कॅन करून पुढे मेल करू नका. स्कॅनमध्ये सही राहत नाही, नुसतं चित्र राहतं. मूळ पीडीएफच पुढे पाठवा.

कशावर पैसे घालवू नयेत

‘फाइल रिपेअर’ म्हणून विकले जाणारे प्रोग्रॅम घेण्याआधी वरचं सगळं करून पाहा. फाइल शून्य केबीची असेल किंवा अर्धीच उतरली असेल तर ती पुन्हा उतरवा, पुन्हा मागवा. यासाठी विंडोज नव्यानं टाकायचा सल्ला कोणी दिला तर दुसऱ्याला विचारा.

फक्त अटॅचमेंट वाचण्यासाठी मायक्रोसॉफ्टचं वर्षाला काही हजारांचं सदस्यत्व घ्यायची गरज नाही. ब्राउझरमधलं वर्ड मोफत आहे, लिबरऑफिसही मोफत आहे. ते त्याच्या अधिकृत साइटवरूनच घ्या. विंडोज आणि मॅकच्या स्टोअरमध्ये त्याच प्रोग्रॅमला थोडी किंमत लावलेली आहे. कचेरीत रोज गुंतागुंतीच्या वर्ड-एक्सेल फाइलींची देवाणघेवाण होत असेल तर मात्र सगळ्यांकडे तेच ऑफिस असणं सोयीचं पडतं, तिथे खर्च योग्य आहे.

दुकानात गेलात तर निदानाचे पैसे वेगळे आहेत का हे आधीच विचारा, आणि फाइल त्याच्या संगणकावर ठेवू नका. बिल मागा. बिल न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. जीएसटी १८ टक्के लावला असेल तर बिलावर दुकानाचा नोंदणी क्रमांक हवा. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

ज्या फाइलीच्या नावाचा शेवट ईएक्सई किंवा एपीके असा आहे, ती त्या शेवटाआधी पीडीएफ लिहिलेलं असलं तरी उघडू नका. वर्ड किंवा एक्सेल फाइल ‘मॅक्रो चालू करा’ म्हणत असेल तर पाठवणाऱ्याला फोन करून विचारल्याशिवाय करू नका. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

आणि पाठवणाऱ्याला नुसतं ‘उघडत नाही’ असं कळवू नका. त्याच्याकडून एका फेरीत योग्य फाइल यावी यासाठी हे चार ओळींत लिहा : तुमची अमुक नावाची, इतक्या केबीची फाइल मिळाली. मी विंडोजवर (किंवा मॅकवर, फोनवर) तमुक प्रोग्रॅममध्ये उघडली, तेव्हा चौकोन (किंवा रोमन अक्षरं, चिन्हं, प्रश्नचिन्हं) दिसली, सोबत पडद्याचा फोटो जोडला आहे. आपण कोणत्या फॉन्टमध्ये टाइप केलं ते कळवा. कृपया फॉन्टसह पीडीएफ आणि शक्य असल्यास युनिकोडमधली वर्ड फाइल, रोमन नावानं, पुन्हा पाठवा.